महिन्याचे 423 रुपये : वाळूजच्या एका प्रेस शॉपचं प्रकरण

जून 2023 मध्ये वाळूज एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपला, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याला, त्यांच्या मुख्य गिऱ्हाइकाकडून ईमेलवर एक प्रश्नावली आली. बालकामगार ठेवता का, किमान वेतन देता का, सांडपाणी कुठे सोडता, तक्रारपेटी आहे का, असे बरेच प्रश्न होते. त्यांतला एक असा : गेल्या बारा महिन्यांत कारखान्यात कुणाला गंभीर इजा झाली का? पुढे दोन चौकोन, हो आणि नाही.

मालकांनी ‘नाही’वर खूण केली. त्यांच्या पत्नी कारखान्याचे हिशेब सांभाळतात. त्यांनी तो कागद पुढे जाऊ दिला नाही. आठ महिन्यांपूर्वी याच शेडमध्ये एका पोराची दोन बोटं गेली होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

लहान कारखान्यांना यंत्रांची सुरक्षा आणि कामगार कायद्यांची पूर्तता करून देणं हे माझं काम आहे, त्यामुळे त्याच आठवड्यात मला बोलावणं आलं. पुढचं सगळं त्या दोघांच्या परवानगीने लिहितो आहे. कारखाना ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कायदा, टक्केवारी आणि यंत्राची तऱ्हा मात्र आहे तशीच ठेवली आहे.

कारखाना

मालक गंगापूर तालुक्यातल्या शेतकरी घरातले. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममध्ये काही वर्षं काढली आणि पुण्याहून दोन जुनी प्रेस मशीन आणून भाड्याच्या शेडमध्ये धंदा सुरू केला. आज चौदा प्रेस आहेत. दुचाकीला लागणारे ब्रॅकेट, क्लिपा आणि वॉशर ते मारतात. त्यांचा माल आधी एका मधल्या कंपनीकडे जातो, तिथे वेल्डिंग आणि रंग होतो आणि मग तो गाडी बनवणाऱ्याकडे पोचतो. 1985 साली बजाजचा कारखाना वाळूजला आला, तेव्हापासून या पट्ट्यात असे शेकडो जोडधंदे उभे राहिले. रांजणगाव, जोगेश्वरी आणि बजाजनगरच्या खोल्यांमध्ये राहणारी हजारो माणसं त्यांच्यावर जगतात.

या शेडमध्ये 34 जण काम करतात. त्यांतले 15 कारखान्याच्या मस्टरवर आणि 19 ठेकेदाराचे.

गावात मालकांना मान आहे आणि तो त्यांनी कमावलेला आहे. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो 2016 चा उन्हाळा. त्या वर्षी धरणात पाणी उरलं नव्हतं. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्याच्या कारखान्यांचं पाणी निम्म्याहून कमी करायला लावलं होतं. तेव्हा या माणसाने स्वतःच्या खर्चाने गावाला महिनाभर टँकर पुरवले. जिल्हा परिषदेच्या शाळेला बाक दिले. हरिनाम सप्ताहात एक पंगत दरवर्षी त्यांच्याकडे असते. ‘सामाजिक जबाबदारी’ हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही, पण कुणी विचारलं असतं तर त्यांनी हीच कामं सांगितली असती. बहुतेक लहान कारखानदार हीच सांगतात.

कायद्याच्या अंगाने त्यांच्यावर काही बंधन नाही. कंपनी कायद्याचं 135 वं कलम 1 एप्रिल 2014 पासून लागू झालं. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटींच्या वर आहे, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. आमचा हा कारखाना भागीदारी फर्म आहे. त्यामुळे उलाढाल कितीही वाढली तरी हे कलम तिला लागत नाही.

त्याच नियमांमधली एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. फक्त आपल्या कर्मचाऱ्यांच्या भल्यासाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे या सक्तीच्या समाजकार्यात, धरता येत नाही. नेहमीच्या धंद्याचा भाग असलेला खर्चही धरता येत नाही. मोठ्यांनी कामगारांच्या हक्काचा पैसा समाजकार्य म्हणून दाखवू नये, म्हणून ही तरतूद केलेली आहे आणि ती रास्तही आहे. पण तिच्यामुळे एक समजूत खालपर्यंत झिरपली : समाजकार्य म्हणजे गेटच्या बाहेरचं काम. मोठ्या कंपनीकडे पाहून लहान कारखानदारही तेच शिकतो. फरक इतकाच की मोठ्या कंपनीत गेटच्या आत निदान सुरक्षा अधिकारी असतो, कामगारांची युनियन असते. चौदा प्रेसच्या शेडमध्ये मालकाची नजर सोडली तर दुसरं कोणी नसतं.

डबल

ऑक्टोबर 2022. दुसरी पाळी, दिवाळीच्या आधीचे दिवस, शेड्यूल वाढलेलं. 50 टनांच्या जुन्या प्रेसवर बीड जिल्ह्यातला एक 25 वर्षांचा मुलगा बसला होता. तो ठेकेदाराच्या 19 जणांमधला. मारलेला पीस डायमध्ये, म्हणजे साच्यात, अडकला म्हणून त्याने तो हाताने काढायला घेतला. पाय पेडलवर नव्हता. तरी रॅम, म्हणजे प्रेसचा दाब देणारा वरचा भाग, खाली आला. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गेलं.

कामगार याला ‘प्रेसनं डबल मारला’ म्हणतात. जुन्या प्रेसला पिन क्लच असतो. पेडल दाबलं की पिन फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे सतत फिरणाऱ्या जड चाकात, अडकते आणि रॅम एक पूर्ण फेरा मारूनच वर थांबतो. मध्ये थांबवायची सोयच नसते. पिन झिजली किंवा तिची स्प्रिंग मोडली की एका दाबावर दोन फेरे होतात. ही गोष्ट मशीन लावून देणाऱ्या प्रत्येक सेटरला माहीत असते. या प्रेसने आठवडाभर आधी एकदा डबल मारला होता, तेव्हा स्प्रिंग बदलून मशीन पुन्हा चालू केलं होतं. पिन काढून पाहायला अर्धा दिवस लागला असता, आणि तो अर्धा दिवस शेड्यूलमध्ये नव्हता.

पीस काढायला चिमटा होता, पण तो ड्रॉवरमध्ये पडलेला. चिमट्याने काम केलं की पाळीचा आकडा पडतो आणि आकड्यावर इन्सेंटिव्ह असतो.

मालक स्वतः त्याला गाडीत घालून खासगी दवाखान्यात घेऊन गेले. सत्तर हजारांच्या आसपास बिल झालं, ते त्यांनी भरलं. तीन महिन्यांचा पगार घरी पोचवला. त्यानंतर त्याला पॅकिंगला घेतलं, आहे त्याच पगारावर. तो मला म्हणाला, “शेठनं लई केलं माझ्यासाठी. दुसरीकडं असतो तं गेटवरूनच काढून दिलं असतं.” तो मनापासून बोलत होता आणि ते खरंही आहे. या वसाहतीत बोट गेलेल्याला दुसऱ्या दिवशी न ओळखणारे ठेकेदार मी पाहिले आहेत.

अपघाताची नोंद मात्र कुठेच झाली नाही. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवलं नाही. राज्य विमा महामंडळाकडे जायचा प्रश्नच नव्हता, कारण ईएसआयमध्ये, म्हणजे त्यांच्या कामगार विमा योजनेत, त्याचं नावच नव्हतं.

वही

का नव्हतं? ठेकेदाराने ‘सगळं धरून’ माणशी एक दर सांगितला होता आणि ईएसआय, पीएफ माझ्याकडे लागलं, असं तोंडी म्हटलं होतं. पोरांनाही हातात चार पैसे जास्त हवे होते. दर दोन-तीन महिन्यांनी माणसं बदलायची. कागद कोणी मागितले नाहीत. कायद्यात मात्र यात संदिग्ध काही नाही. ठेकेदाराच्या माणसाचा हप्ताही आधी मुख्य मालकानेच भरायचा असतो, नंतर तो ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यायचा.

त्या दिवशी ऑफिसात बसून आम्ही कागदावर आकडे मांडले. पगार 13,000. मालकाचा हिस्सा 3.25 टक्के, म्हणजे महिन्याला 423 रुपये. कामगाराचा 0.75 टक्के, म्हणजे 98 रुपये. एवढ्यावर त्याला ईएसआयचा दवाखाना मिळाला असता आणि जखम बरी होईपर्यंत रोजाच्या 90 टक्के भत्ता मिळाला असता. त्यापुढे कायमच्या अपंगत्वाचं पेन्शन. तेव्हाच्या ईएसआय कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात बोटांचा तक्ता दिलेला होता. एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची क्षमता 20 टक्क्यांनी घटली असं धरतात. तीन गेली तर 30, चारही गेली तर 50, नुसता अंगठा गेला तर 30. वाचायला तो तक्ता कठोर वाटतो, पण गरिबाच्या बाजूने उभा राहील असा दुसरा कागद या सगळ्या प्रकरणात नव्हता. 13,000 चे 90 टक्के म्हणजे 11,700, आणि त्याचे 20 टक्के म्हणजे 2,340. दरमहा, आयुष्यभर, पुढे पगार मिळो न मिळो.

शेठनं केलेलं ‘लई’ तीन महिन्यांत संपलं होतं. पोरगा 25 वर्षांचा होता.

मग वहिनींनी, म्हणजे मालकांच्या पत्नींनी, त्यांची वही काढली. ‘देणगी व धर्मादाय’ या खात्याचं पान त्यांनी माझ्यासमोर उघडलं. गणेश मंडळ, सप्ताह, शाळेची स्पर्धा, कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाला मदत. 2022-23 ची बेरीज दीड लाखाच्या आसपास होती. शेजारी त्यांनी पेन्सिलीने दुसरी बेरीज मांडली. 19 माणसं, प्रत्येकी 423, बारा महिने. ती 97 हजारांच्याही आत आली.

“अहो,” त्या मालकांना म्हणाल्या, “हे तर आपल्या वर्गणीत बसत होतं.”

मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. मला त्यांच्याबद्दल तेव्हाही आदर होता आणि आजही आहे. त्यांनी गावाला दिलेलं पाणी खरं होतं. ज्याला तहान लागली होती त्याला ते मिळालं. पण मदत द्यायची की नाही, किती द्यायची, कधी थांबवायची हे देणारा ठरवतो. विम्याचं तसं नसतं. तो कामगाराचा हक्क आहे आणि मालकाची परिस्थिती बिघडली, मन बदललं, कारखाना बंद पडला तरी तो चालू राहतो. लहान उद्योगांच्या सामाजिक जबाबदारीबद्दल बोलताना मला सगळ्यात आधी हा फरक महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे दातृत्वाची परंपरा मोठी आहे म्हणून तर तो सहज नजरेआड होतो.

हो की नाही

प्रश्नावलीचं उत्तर द्यायला दहा दिवस होते. मालकांनी गिऱ्हाईक कंपनीतल्या क्वालिटीच्या इंजिनिअरला फोन लावला. जालन्याकडचा चांगला मुलगा, या कारखान्याचं भलं चिंतणारा. तो म्हणाला, “साहेब, सध्या ‘नाही’च टाका. ‘हो’ गेलं की सिस्टीममध्ये तुमचा कोड लाल होतो, मग माझ्याही हातात काही राहत नाही.” दुसरीकडे एक फाइल तयार करून देणारा भेटला. मानवाधिकार धोरण, पर्यावरण धोरण, सुरक्षा समितीची इतिवृत्तं, सगळं छापील. वरचं नाव तेवढं बदलायचं.

या प्रश्नावल्या आल्या कुठून हे समजून घ्यायला हवं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2021 मध्ये कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा बीआरएसआर नावाचा अहवाल आणला आणि बाजारमूल्याने पहिल्या 1,000 सूचीबद्ध कंपन्यांना तो 2022-23 पासून सक्तीचा केला. आपला माल ज्यांच्याकडून येतो त्यांच्याकडे माणसांना कसं वागवलं जातं, हेही त्यात विचारलेलं आहे. परदेशी गिऱ्हाइकं असलेल्या कंपन्यांवर वेगळा दाब असतो. वरून आलेला प्रश्न एकेक पायरी उतरत शेवटी वाळूजच्या शेडमध्ये येतो. खाली येताना तो प्रश्न न राहता फॉर्म होतो, आणि फॉर्मला जे हवं ते उत्तर मिळतं. सगळ्यांनी ‘नाही’ लिहिलं की वरच्या अहवालात पुरवठादारांकडे एकही अपघात दिसत नाही. मग प्रेसला गार्ड लागतं, त्याला खर्च येतो, तो दरात धरायला हवा, हा विषय कोणासमोर येतच नाही. खोटं उत्तर देणारा लहान कारखानदार स्वतःचीच बाजू मांडायची एकुलती एक जागा बुजवून टाकतो.

मी हेच सांगितलं. सोबत धोकाही सांगितला, कारण तो खरा होता. या गिऱ्हाइकाकडून निम्म्याहून जास्त काम येत होतं. ते तुटलं असतं तर आधी ठेकेदाराचेच 19 जण घरी गेले असते. ‘खरं बोला’ असं बाहेरून सांगणं सोपं असतं. पगार वाटायची तारीख सांगणाऱ्याची नसते.

निर्णय दोघांनी घेतला. ‘हो’वर खूण केली आणि सोबत एक पान जोडलं. काय झालं, कोणत्या मशीनवर झालं, का झालं, ईएसआयची नोंद नव्हती, आता सगळ्यांची करत आहोत, कोणत्या महिन्यापर्यंत काय बदलू. त्याआधीच त्यांनी 19 जणांची नोंदणी सुरू केली होती. मागची थकबाकी, तिच्यावर 12 टक्के व्याज आणि वर दंड, असं सगळं भरावं लागलं. अपघाताची उशिराची नोंदही केली. त्या मुलाचं प्रकरण पुढे वैद्यकीय मंडळाकडे गेलं.

गिऱ्हाइकाने काम तोडलं नाही. मात्र नवीन पार्टचं काम पुढचे दोन महिने दिलं नाही आणि ऑडिट लावलं.

पुठ्ठ्याची नळी

ऑडिटला आलेले दोघे सभ्य होते. अपघात स्वतःहून लिहिला याची त्यांनी नोंद घेतली. त्यांनी दिलेल्या यादीतला सगळ्यात महागडा मुद्दा होता : सर्व चौदा प्रेसना 90 दिवसांत सेन्सर बसवा. खर्च पुरवठादाराचा.

सेन्सर म्हणजे लाइट कर्टन. डायच्या पुढे प्रकाशकिरणांचा अदृश्य पडदा असतो, तो हाताने तुटला की मशीन थांबतं. ऐकायला उत्तम वाटतं. पण मशीन थांबवता येण्यासारखं असेल तरच ते थांबेल. या शेडमधल्या सहा प्रेसना हवेवर चालणारा घर्षण क्लच होता, त्या फेऱ्याच्या मध्ये थांबतात. उरलेल्या आठ पिन क्लचच्या. त्यांना सेन्सर लावला तर पेडलचा सिग्नल तुटेल, पण निघालेला रॅम खाली येणारच. उलट सेन्सर आहे म्हणून कामगार निर्धास्त होईल आणि हात आणखी आत घालेल.

सांगून पटेना, तेव्हा करून दाखवलं. आधी हवेच्या क्लचच्या प्रेसला नमुन्याचा सेन्सर लावला. रॅम निघाल्यावर लांब काठीच्या टोकाला बांधलेली पुठ्ठ्याची नळी पडद्यातून आत सरकवली. रॅम अर्ध्यावर थांबला, नळी जशीच्या तशी बाहेर आली. मग तोच सेन्सर जुन्या 50 टनीवर लावला, अपघाताच्याच मशीनवर. नळी आत गेली, लाल दिवा लागला आणि रॅम आपल्या गतीने खाली आला. नळीचं टोक डायमध्ये चपटं झालं. ऑडिटर पुढे होऊन ते टोक हातात घेऊन पाहत राहिले. जवळ उभ्या कामगारांपैकी कोणी काही बोललं नाही, पण दुसऱ्या दिवशी चिमटे ड्रॉवरमधून बाहेर आले होते.

अट बदलली. सहा प्रेसना सेन्सर लागले. आठांना पक्कं गार्ड : पुढे पॉलीकार्बोनेटची पारदर्शक पाटी आणि तिला खाली इतकीच फट की पत्रा आत जाईल, बोट जाणार नाही. पीस काढायला चुंबकाची काठी. पिन आणि स्प्रिंग ठरलेल्या स्ट्रोकनंतर, म्हणजे रॅमच्या ठरलेल्या फेऱ्यांनंतर, बदलायची, मग ती चांगली दिसो वा न दिसो. एकदाही डबल मारला तर मशीन बंद, आणि ते बंद करायचा अधिकार ऑपरेटरचा. सुपरवायझरला विचारायची गरज नाही. गार्ड रांजणगावच्या एका फॅब्रिकेटरने बनवली, डायप्रमाणे मागेपुढे सरकणारी. सेन्सरच्या तुलनेत त्यांचा खर्च अगदीच किरकोळ होता.

विरोध झाला तो शेडमधूनच. सगळ्यात जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी पहिल्याच आठवड्यात गार्ड काढून भिंतीला टेकवलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं : “गार्डात हात चालत नाही. आकडा पडला तं माझा इन्सेंटिव्ह कोण देणार?” त्यांना नियम ऐकवून काही झालं नसतं, कारण मामांचा हिशेब बरोबर होता. वहिनींनी इन्सेंटिव्हचीच रचना बदलली. गार्डाच्या मशीनचा पाळीचा आकडा कमी केला आणि इन्सेंटिव्ह त्या नव्या आकड्यावर धरला. गार्ड पुन्हा मशीनवर चढलं. सुरक्षेचे फलक, शपथा, सप्ताह हे सगळं करून जे होत नाही ते पगाराच्या रचनेत एक ओळ बदलून होतं, असं माझं ठाम मत आहे.

भार कोणाचा

आकडा कमी केला म्हणजे प्रत्येक स्ट्रोक महाग पडला. प्रेसच्या धंद्यात दर पैशांत ठरतात, चार-पाच पैशांनीही वर्षाचं गणित हलतं. मालकांनी गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागाकडे वाढीव दर मागितला. उत्तर आलं ते दरवर्षीच्या दरकपातीचं पत्र. सुरक्षेची अट घालणारा विभाग आणि दर कापणारा विभाग एकाच इमारतीत बसतात. पत्रं मात्र दोन वेगवेगळी येतात.

ही वाळूजपुरती गोष्ट नाही. पाकिस्तानात सियालकोटला फुटबॉल शिवणाऱ्या घरांमध्ये मुलं काम करतात, यावरून जगभर गदारोळ झाला आणि फेब्रुवारी 1997 मध्ये अटलांटा इथे करार झाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, युनिसेफ आणि तिथली व्यापारी संघटना त्यात होती. घरातलं शिवणकाम बंद करून ते देखरेखीखालच्या केंद्रांमध्ये नेलं. मुलांना कामातून सोडवण्याचा हेतू चांगलाच होता. पण घर सोडून केंद्रावर जाणं शक्य नसलेल्या कितीतरी बायांचं काम त्यात गेलं. पुढे 2006 मध्ये एका मोठ्या ब्रँडने नियम मोडल्याच्या कारणावरून तिथल्या मोठ्या पुरवठादाराशी संबंध तोडले, तेव्हाही टांगणीला लागले ते शिवणारेच. अट घालणाऱ्याने खर्चात वाटा घेतला नाही की तो खर्च खाली सरकत जातो आणि सगळ्यात अशक्त माणसाजवळ थांबतो.

उलट उदाहरणही दक्षिण आशियातलंच आहे. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, 1,100 हून जास्त माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक बंद ठेवली, पण कपडे शिवणाऱ्यांना कामावर बोलावलं. त्यानंतर जो करार झाला तो कायद्याने बंधनकारक होता. सुरक्षित कारखाना चालवणं पुरवठादाराला परवडेल अशा व्यापारी अटी ठेवायच्या, हे कलम त्यात ब्रँडवर घातलेलं होतं. लहान उत्पादकाच्या जबाबदारीचं बोलताना हे कलम डोळ्यांसमोर ठेवावं. ते नसेल तर आपण त्याच्याकडून दुसऱ्याच्या वाट्याची जबाबदारी वसूल करतो आहोत.

आमच्या कारखान्याला दर मिळाला नाही, पण दिलासा दुसऱ्या वाटेने आला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं, असं 2006 चा कायदा सांगतो. प्रत्यक्षात इथे तीन महिन्यांच्या पुढे जायचं. तक्रारीला सरकारचं समाधान पोर्टल होतं. पण ज्याच्याकडून उद्याचं शेड्यूल यायचं आहे त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? मग आयकर कायद्यात 43बी च्या एच या उपकलमाची भर पडली. 2023-24 पासून, मुदतीत न दिलेल्या अशा बिलाची वजावट खरेदीदाराला त्या वर्षी मिळेना. मार्च 2024 उजाडेपर्यंत या गिऱ्हाइकाची बिलं 45 दिवसांवर आली. बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावरचं व्याज त्यामुळे जे वाचलं, त्यातून गार्ड आणि सहा सेन्सर निघाले. सुरक्षेसाठी कोणी वेगळा रुपया दिला नाही. आपलाच पैसा वेळेवर मिळाला, एवढ्याने ते जमलं.

31 डिसेंबर 2023 च्या पहाटे वाळूजमध्येच हातमोज्यांच्या एका कारखान्याला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार गेले. ते बाहेरच्या राज्यातून आलेले होते आणि कामाच्या जागीच राहत होते. आमच्या शेडच्या पोटमाळ्यावरही चार जण झोपत. जिना एकच आणि खाली तेलाचे डबे. गिऱ्हाइकाच्या प्रश्नावलीत, इतक्या प्रश्नांमध्ये, रात्री इथे कोण झोपतं हे विचारलेलं नव्हतं. 1 जानेवारीला मालकांनी पोटमाळा रिकामा केला आणि जोगेश्वरीत खोली घेतली. भाडं अर्धं-अर्धं. हे करायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. वर्षभरापूर्वी कदाचित त्यांनी त्या सहा जणांच्या घरी पैसे पाठवले असते. या वेळी आधी स्वतःचा जिना पाहिला.

सप्ताहाची पंगत अजून चालू आहे, शाळेची मदतही आहे. बंद करा असं मी कधी म्हटलं नाही. वहिनींनी वहीत फक्त क्रम बदलला : महिन्याच्या सुरुवातीला ईएसआय आणि पीएफचं चलन, मग पिन-स्प्रिंगचं सामान, मग वर्गणी.

त्या मुलाला वैद्यकीय मंडळाने 20 टक्के ठरवले. पेन्शन सुरू झालं आहे, आणि थकबाकीच्या काळाचा बोजा नियमाप्रमाणे कारखान्यावर पडला आहे. तो पॅकिंगवरच आहे, डाव्या हाताने टेप फाडायला शिकला आहे. प्रेसवर परत बसायचं का, असं मालकांनी विचारलं होतं, त्याने नको म्हटलं.

आता शेजारचे आठ कारखानदार या शेडमध्ये येऊन गार्ड पाहून गेले आहेत. नऊ जणांनी मिळून एक सुरक्षा तंत्रज्ञ ठेवायचा विचार आहे, प्रत्येकाकडे आठवड्यातून अर्धा दिवस. एकट्याला त्याचा पगार झेपत नाही. दराच्या बाबतीतही सगळ्यांनी एकच करायचं ठरलं : कोटेशनमध्ये माल, मजुरी आणि वीज यांच्या खाली ‘यंत्रसुरक्षा’ अशी स्वतंत्र ओळ टाकायची, म्हणजे खरेदी विभागाला दर कापायचा असेल तर ती ओळ नावानिशी कापावी लागेल. दोघांनी ऐन वेळी माघार घेतली. सात जणांनी ती ओळ टाकून कोटेशन पाठवली आहेत. खरेदी विभागाचं उत्तर यायचं आहे.